कॉम्प्युटरमधली पाल

आमच्या लातूरच्या गल्लीत कुणाचाही कॉम्प्युटर बंद पडला, की शेजारचे काका न बोलावताच येतात. आमचा सुरू होईना, तेव्हाही आले. मुलीची ऑनलाइन परीक्षा तासाभरावर आलेली, ती रडकुंडीला आली होती. काकांनी ताप बघावा तसा सीपीयूवर हात ठेवला. "काय व्हायलंय रे बाळा?" मग त्यांनी झाकण काढलं आणि आतून पाल निघाली. काकांनी किंचाळत थेट पलंगावर उडी मारली. त्यात टेबलाला लाथ बसली आणि स्क्रीन उजळली.

"बघा! लई नाजूक काम असतंय हे," काका वरूनच म्हणाले.

मुलगी परीक्षेला बसली. पाल काही सापडली नाही, म्हणून काकांनी चहासुद्धा पलंगावर उभं राहूनच घेतला.