गाय चारायला दिली

परवा मोखाड्याच्या कचेरीत एका बाईचा अंगठा घेत होते. शाईच्या पॅडचा तुरट वास आला आणि जव्हारच्या कायदा मदत शिबिरातली जुनी दुपार आठवली.

मी बातमीसाठी गेलो होतो. साखरशेतची एक विधवा आपली नाचणीची जमीन दिराकडून परत मागत होती. कारकून जबाब लिहीत होता.

"जमीन दिराला कोणी दिली?"

"मीच दिली. धनी गेला, नांगर कोण धरील?"

"मग दिलेली परत कशाला मागतेस, आजी?"

"जमीन कसाया दिली, दादा. गाय चाराया दिली म्हंजे गुराख्याची झाली का?"

सगळे हसले, कारकूनही हसला. कागदावर मात्र त्याने 'जमीन दिराला दिली' एवढेच लिहिले. शेजारच्या खुर्चीवरून मला ते दिसत होते. बातमीदाराने मध्ये बोलू नये, असे तेव्हा वाटले. तिने अंगठा उमटवला आणि बोट पदराला पुसले.

तिचे गाईचे वाक्य मी शब्दशः टिपून घेतले. दुसऱ्या दिवशी ते चौकटीत छापून आले. निकाल त्या जबाबावर लागला, आणि जमीन दिराकडेच राहिली.