संपलेल्या मालिकेचे पुढचे भाग

शेजारच्या वहिनी नागपूरला मुलाकडे राहायला गेल्या आणि माझी संध्याकाळ ओस पडली. मी शाळेतून निवृत्त झालेली बाई. मुलगी लग्न होऊन दूर गेलेली, नवरा भिंतीवर फोटोत. पांढुर्ण्यात माझ्याशी भांडायलासुद्धा कोणी उरलं नाही.

यजमान गेल्यावर वहिनींनी घरचा टीव्ही बंद करून टाकला होता. रोज दिवेलागणीला त्या माझ्याकडे यायच्या, स्टीलच्या वाटीत भाजलेल्या भुईमुगाच्या फल्ल्या घेऊन. मग आमची मालिका सुरू व्हायची. घरातल्या सगळ्यांचं निमूट ऐकणारी एक सून, एवढीच काय ती गोष्ट. मला ती मुळीच आवडत नसे. सून सारखी रडायची, सासू दाराआड उभी राहून ऐकायची, आणि मी त्यांच्या मराठीतल्या चुका काढत बसायचे. वहिनी मात्र फल्ल्या सोलता सोलता पडद्यावरच्या सुनेलाच झापायच्या, "अवं, काऊन रडून राह्यली वं? ऊठ, बॅग भर अन् नीघ!" स्वतः त्या जन्मात कधी अशा निघाल्या नव्हत्या. हे त्यांना तोंडावर म्हणायची माझी हिंमत झाली नाही.

जायच्या दिवशी गाडी दारात उभी होती, मुलगा घाई करत होता. त्यांची वाटी माझ्याकडेच राहिली. रिकामं भांडं परत द्यायचं नाही ही आमच्याकडची रीत, आणि त्यात घालायला नेमकं घरात काही नव्हतं. वाटी टीव्हीशेजारी ठेवून दिली.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी फोन आला. "काय झालं वो बाई आज?"

नागपूरच्या घरी त्या वेळेला नातवंडांचं कार्टून लागतं. मग मीच मालिका पाहून त्यांना रोज सांगू लागले. इतकी वर्षं नाक मुरडलं, पण आता कान टवकारून बसायचे. एखादा प्रसंग निसटला तर वहिनींना काय सांगणार?

आणि एक दिवस मालिका संपली. सासूने सुनेला मिठी मारली, सगळ्यांनी मिळून फोटो काढला. फोन वाजला तेव्हा मला खरंच भीती वाटली. उद्यापासून या कशाला फोन करतील? गुडघेदुखीची चौकशी अशी किती दिवस पुरणार?

"काय झालं आज?"

"सून रडली," मी ठोकून दिलं.

तेव्हापासून पुढचे भाग मी रचते. दुपारी भाजी निवडताना संध्याकाळचं भांडण ठरवते. सासूला एकदा जामसांवलीला दर्शनाला पाठवून चांगला आठवडाभर वेळ मारून नेली. जन्मभर पोरांना निबंध लिहायला लावले, पण स्वतः एवढं कधी रचलं नव्हतं.

काल मात्र काही केल्या सुचेना. टीव्ही बंद होता. समोर वाटी होती.

"आज ती निघाली, वहिनी," मी म्हणाले. "बॅग भरली अन् निघाली."

पलीकडून नुसता कार्टूनचा आवाज येत राहिला. मला वाटलं, फसलं. सूनच गेली, आता पुढे सांगायला काय राहिलं?

"समदं घेऊन गेली का?" त्यांनी हळूच विचारलं.

"नाही. तिची एक वाटी शेजारणीकडे राहिली."

कार्टूनचा आवाज लांब गेला; वहिनी फोन घेऊन दुसऱ्या खोलीत गेल्या असाव्यात.

"शेजारणीले म्हणा, पाठवू नोको," त्या म्हणाल्या. "वाटी न्याच्या निमित्तानं तरी परत याले भेटते."