स्वभावापुढचा इंग्रजी शब्द

हळद शिजवायचं काम अर्धवट टाकून धाकटा भाऊ कुरुंद्याहून आला, तो पिवळ्या हातात पोरीचा बायोडाटा घेऊनच. मी शाळेत इंग्रजी शिकवते, म्हणून तपासायचं काम माझ्याकडे. पोरगी, म्हणजे माझी भाची, सोबत होती. ती वसमतला एका दवाखान्यात नर्स आहे.

आमच्याकडे बायोडाटा कुणी नव्याने लिहीत नाही. जिचं लग्न पटकन जमलं तिचा मागून आणायचा आणि झेरॉक्सच्या दुकानात नाव, उंची, मामाचं गाव तेवढं बदलून घ्यायचं. बाकी मजकूर शुभ म्हणून तसाच ठेवतात. त्यात स्वभावापुढे इंग्रजी शब्द होता: होमली.

"आत्या, हे काढ," भाची म्हणाली. "हे वाचलं की पाव्हणे इचारतात, नोकरी कवा सोडणार?"

"काहून काढायचं? चांगला शब्द हाय ना, अक्का?" भाऊ म्हणाला.

चांगला की वाईट, मलाच सांगता येईना. डिक्शनरी उघडली तर आणखी घोळ. आधी अर्थ घरगुती, मग साधीसुधी, आणि अमेरिकेत चक्क दिसायला सुमार! आपल्याकडे मात्र घर न सोडणारी. पोरींना घरात बसवणारा शब्द स्वतः जगभर हिंडून आला होता. मला त्याचा रागच आला.

"तुझ्या बायोडाट्यात काय होतं?" भाचीने विचारलं.

तेच होतं. वडिलांना इंग्रजी अक्षर येत नव्हतं. त्यांनीही कुणाचा तरी उतरवून आणला होता. बी.एड. होऊन लग्नानंतर मी अकरा वर्षं घरी बसले. त्या शब्दामुळे बसवलं, की शब्द नसता तरी बसवलंच असतं, हे मला आजही कळत नाही. मी तरी तेव्हा डिक्शनरी कुठे उघडली होती?

मी शब्द खोडला.

"मंग तिथं काय लिवायचं?" भाऊ गोंधळला. "लगनानंतरबी कामाला जाणारीला इंग्रजीत एका शब्दात काय म्हणतेत?"

इतकी वर्षं शिकवूनही मला सुचेना. भाचीने माझ्या हातून पेन घेतलं आणि मराठीत लिहिलं, 'नोकरी सोडणार नाही.'

भावाने कागद उचलून वाचला. "असा बायोडाटा कोणी मागून नेणार न्हाई," तो म्हणाला.

"हिचं लग्न जमलं की नेतील," मी म्हणाले. जमेल का, ते मला तरी कुठे माहीत होतं.