मातीचा हात

बायको गेल्यापासून पाववाल्या मामांच्या तोंडाला कुलूपच लागलं होतं. भट्टी पेटायची, पाव निघायचे, पण मामा चकार शब्द बोलायचे नाहीत. शेवटी लेकीने हट्टाने त्यांना समुपदेशक बाईंकडे नेलं. बाई येणाऱ्या प्रत्येकाला बागेत झाडाखाली बसवत आणि हातात ओली माती देत.

"दुःख म्हणजे तुम्ही नाही, मामा. त्याला आकार द्या, त्याची गोष्ट सांगा आणि इथेच ठेवून घरी जा. पाऊस पडला की मातीची माती होईल, तुम्ही मोकळे."

काय हा पोरखेळ, मामा मनात चरफडले. पण उभा जन्म पीठ मळण्यात गेलेला. बोटं आपोआप चालू लागली. बघता बघता बायकोचा हात तयार झाला, वाकड्या करंगळीसकट. ती दारात चेमटली होती. दार मामांनीच लावलं होतं आणि त्यावरून बायकोने त्यांना जन्मभर टोमणे मारले होते. हे सांगताना मामा चक्क हसले. बाईंचा जीव भांड्यात पडला.

पुढच्या खेपेला मामांनी फडक्यातून तोच हात काढला. आता तो विटेसारखा टणक होता.

"अहो, हा झाडाखाली राहायचा होता ना?"

"ठेवला होता की. आभाळ भरून आलं, तसा धावत येऊन उचलला. पाव काढले आणि त्याच भट्टीत भाजला."

मामांनी हात पुन्हा फडक्यात गुंडाळला.

"एकदा तिला मातीआड केलंय, बाई. पुन्हा नाही जमायचं."