कासवासाठी कोकण
ओल्या काथ्याचा वास आला की आखातातल्या अजमान शहरातला आमचा फ्लॅट आठवतो. कायमच्या मायदेशी निघालेल्या शेजारणीने सोपवलेले कासव एसीच्या गारठ्यात आठ दिवस आपले बिजागरीचे कवच डबीसारखे मिटून उपाशी बसले होते. "कुणाला तरी देऊन टाक, खलास!" नवरा म्हणाला. मी हट्टाला पेटले. कवितांची पुस्तके जमिनीवर रचून त्यांची लाकडी पेटी रिकामी केली, एसी नसलेल्या स्वयंपाकघरात ठेवली, तळाशी माती नि भिजवलेला काथ्या अंथरला, वर उबेसाठी दिवा टांगला. "अगं, वाळवंटात कोकण वसवतेस की काय?" तो हसला. तिसऱ्या सकाळी पपईच्या फोडीपाशी कवच हलकेच उघडले. एरवी इंग्रजीतच उत्तर देणारी आमची लेक पेटीवर वाकून जे ओरडली, ते माझ्या कानात आजही तसेच ओले आहे : "खाल्लं!"