नुसता सरळ बॉल

राज्याच्या निवड चाचणीत मला तिसऱ्यांदा बॅट फिरवायला लावणारा बॉल नेमका आला कसा, ते मला आजही सांगता येणार नाही. बॅट अर्ध्यात असतानाच मागे कॅचरच्या ग्लोव्हमध्ये 'फाट्' असा आवाज झाला. तीनदा चुकलं की बेसबॉलमध्ये बॅटर बाद. मी बाद होऊन बाकावर येऊन बसले आणि घामेजल्या हातांकडे बघत राहिले.

कोल्हापुरात आमच्या जिल्हा संघात माझ्याइतकं लांब मारणारी मुलगी नव्हती. त्याचं कारण मला त्या दिवशी समजलं. आमच्या पिचर मुली बॉल नीट जागेवर पडावा म्हणून जपून टाकायच्या. तो येताना दिसायचा, मी त्याची वाट बघायचे, मग मारायचे. चाचणीतली पिचर दुसऱ्या जिल्ह्यातली, उंच, लांब वेणीची. तिच्या बॉलची वाट बघायला वेळच नव्हता.

परतीच्या गाडीत आमचे सर म्हणाले, "वळला न्हाय, खाली पडला न्हाय. नुसता सरळ आला की गं बॉल!"

"सर, दिसलाच न्हाय तर काय करू मी?"

"दिसायची वाट बघितलीस, तिथंच चुकलीस."

सरळ बॉल चुकला याचा राग मला कोल्हापूर येईपर्यंत गिळता आला नाही. वळलेल्या बॉलला निदान दोष तरी देता येतो.

पण सराव करायचा कुणाबरोबर? इतक्या जोरात टाकणारं कोण आहे? शेवटी मला आतेभाऊ आठवला. शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत कामाला होता. टेनिस बॉल क्रिकेटमध्ये त्याच्या बॉलिंगला लोक घाबरायचे. पण कोपर वाकवून फेकतो म्हणून एका स्पर्धेत अंपायरनं त्याला भर मैदानात थांबवलं होतं. तेव्हापासून त्याने बॉल हातात घेतला नव्हता.

मी त्याला गाठून सगळं सांगितलं.

"म्हंजे हितं हात वाकला तर चालतंय?"

"चालतंय काय दादा, वाकवायलाच पाहिजे."

"आधी सांगायचं की मग!"

सोमवारी त्याला सुट्टी असायची आणि शाहूपुरीत मी ज्या स्पेअर पार्टच्या दुकानात बिलं करायचे, तेही बंद असायचं. सकाळी आम्ही मैदानाच्या कोपऱ्यात उभे राहायचो. त्याचा पहिला बॉल माझ्या डोक्यावरून भिंतीपार गेला. पुढच्या एका बॉलने बरगडीवर असा ठोसा दिला की मला श्वास घेता येईना. तो धावत आला. "मेलीस काय गं?" मी मान हलवली आणि पुन्हा उभी राहिले, कारण दुसरा पर्याय नव्हता.

कित्येक आठवडे माझी बॅट उशिराच यायची. सर सांगायचे, "त्याच्या हातातनं सुटायच्या आधी पाय उचल." मला ते पटायचं नाही, बॉल कुठे येणार ते कळण्याआधी पाय कसा उचलायचा? चिडून मी बॅट आखूड धरली, पाय लवकर उचलला, आणि एका सकाळी बॅटवर बॉल असा बसला की हातांना काही जाणवलंच नाही. बॉल दादाच्या डोक्यावरून सरळ पलीकडे गेला. तो वळून बघत राहिला. "आयला," एवढंच म्हणाला. त्या दिवशी मी गिऱ्हाइकांचे तक्रारीचे फोनसुद्धा हसत घेतले असते, पण दुकान बंद होतं.

पुढच्या वर्षीच्या चाचणीत पुन्हा तीच वेणीवाली समोर आली. पहिला फास्ट बॉल मी तडकावला. रेषेबाहेर गेला, म्हणजे चुकल्यातच जमा, पण बॅटला लागला. दुसराही तसाच लागला. तिने टोपी काढून पुन्हा घातली. मला वाटलं, घाबरली.

तिसऱ्या बॉलला तोच खांदा, तोच हात, तोच झपाटा. मी पाय उचलला, पूर्ण ताकदीने फिरले, आणि बॉल अजून वाटेतच होता. आमच्या मैदानावर मी आयुष्यभर मारला तसलाच संथ, बिनधोक बॉल! माझी बॅट फिरून गेल्यावर तो आला. मी गुडघ्यावर आदळले. बाकावर कुणीतरी हसलं.

पुन्हा माझी बॅटिंग आली तेव्हा मी संथ बॉलसाठी थांबले. तिने फास्ट टाकला.

तेव्हा मला उमगलं, की तिचा तो हळू बॉल एकटा काहीच नव्हता. फास्टच्या धाकामुळेच तो चालायचा. मी वर्षभर धाकाला तोंड द्यायला शिकले होते. त्याच्याआड दुसरं काय दडलंय, ते कुणी शिकवलंच नव्हतं. संघ जाहीर झाला, त्यात मी नव्हते.

पुढच्या सोमवारी मी दादाला म्हटलं, "आता मधेच हळू टाकत जा. पण कळू द्यायचं न्हाय."

त्याने प्रयत्न केला. हळू टाकायचं असलं की त्याचा हात आधीच थबकायचा, चेहरासुद्धा बदलायचा. डोळे मिटून ओळखता आलं असतं.

"कळतंय दादा."

"कळणारच की! मला हळू जमत न्हाय गं. हात आईकत न्हाय."

मी बॅट मातीत फेकली. "मग काय उपयोग? मी काय जन्मभर फास्टच मारत बसू?"

"माझ्यावर कशाला वरडतीस? जमतंय ते टाकतोय."

त्याचं खरं होतं, म्हणून आणखीच संताप आला. पण त्याने पुन्हा बॉल उचलला होता, तेव्हा मीही बॅट उचलली. त्याने फास्ट टाकला. मी मारला. बॉल खूप लांब गेला. दादा खूश झाला, आणि मला काहीच बरं वाटलं नाही.