अंटार्क्टिकाला निघालेल्या माणसाला ऊन लागलं

नवऱ्याला तोंडावर मी कायम ‘अहो’च म्हणत आले. लिहिताना मात्र ‘तो’ म्हणणार आहे. इथं टोकायला सासूबाई नाहीत.

तर तो भूशास्त्रज्ञ. नागपुरातल्या एका सरकारी कार्यालयात नोकरी, पण खुर्चीवर दिसायचा तो उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात. दिवाळी झाली की तंबू, हातोडा आणि जीप घेऊन चंद्रपूर-भंडाऱ्याच्या जंगलात जायचा, तो शिमग्यानंतर उगवायचा. लग्नानंतर पहिल्या हिवाळ्यात मी रडले, दुसऱ्यात चिडले, तिसऱ्यापासून लाडू वळायला लागले. डबा एसटीच्या कंडक्टरच्या हाती द्यायचा, तो कॅम्पजवळच्या फाट्यावर उतरवायचा आणि रिकामा डबा पुढच्या फेरीला परत आणायचा. कधी डब्यात चिठ्ठी असायची, कधी नुसताच एखादा चकाकणारा दगड. आमचा अर्धा संसार असा एसटीनं केला.

आपले लोक अंटार्क्टिकाला जायला लागून थोडीच वर्षं झाली होती तेव्हाची, म्हणजे ऐंशीच्या दशकातली ही गोष्ट. एका संध्याकाळी जेवता जेवता त्यानं सांगितलं, की तिथल्या खडकांवर काम करायला भूशास्त्रज्ञ हवे होते, त्यानं अर्ज केला होता आणि त्याची निवड झाली आहे. उन्हाळ्याचा मोसम तिथं काढायचा, म्हणजे आपल्या हिवाळ्याचा. जहाज, बूट, कपडे, खाणंपिणं, सगळं सरकारी खर्चानं. फक्त दिल्लीची वैद्यकीय तपासणी तेवढी पार पडायला हवी. सांगताना त्याचे कान लाल झाले होते. इतका आनंद त्याच्या तोंडावर मी आमच्या लग्नातसुद्धा पाहिला नव्हता, आणि तेच मला जास्त झोंबलं.

सासूबाई नागपूरजवळच्या खाप्याच्या, बोलणंही तिथलंच. त्या म्हणाल्या, “फुकट नेऊन राहिले म्हणून का कुठंबी जायचं रे?”

मी म्हटलं, “जिथं एसटी जात नाही तिथं माणसानं जाऊ नये.”

तो हसला. मी हसले नाही. घरात दोन मुली, धाकटी अजून बालवाडीत. वर चार महिने ना डबा, ना चिठ्ठी. बर्फाच्या भेगेत माणूस गेला तर कोण काढणार, जहाज अडकलं तर काय, हे मी रोज नव्यानं विचारत होते. तपासणीपर्यंतच्या दोन महिन्यांत स्वयंपाकघरातली बरीच पातेली पोचे पडून कायमची वाकडी झाली. तो ऐकून घ्यायचा, “बघू” म्हणायचा आणि नकाशे पाहत बसायचा.

त्याच्या बाजूनं घरात एकच माणूस होता, सासूबाईंचे धाकटे भाऊ. आमचे हे मामा काटोलचे संत्र्यांचे व्यापारी. भाचा दुनियेच्या टोकाला जाणार म्हणून ते स्वतःच तिकीट मिळाल्यासारखे फिरत होते. गंमत अशी की, तापल्या खडकांवर दिवसभर चालणारा आमचा भूशास्त्रज्ञ थंडीला मात्र फार भ्यायचा. डिसेंबर लागला की कानाला मफलर, रात्री दोन गोधड्या. मामांना हे ठाऊक होतं. त्यांनी उपाय काढला.

“भाच्या, थंडीची आतापासून सवय कर. माह्या कोल्ड स्टोरेजमध्ये येऊन बसत जा.”

मामांची संत्री शहराबाहेरच्या एका कोल्ड स्टोरेजमध्ये असत. भरल्या एप्रिल-मे महिन्यात, सगळं नागपूर भाजून निघत असताना, आमचे शास्त्रज्ञ अंगात दोन स्वेटर आणि डोक्यात माकडटोपी घालून संत्र्यांच्या पेट्यांमध्ये जाऊन बसायला लागले. यानं अंटार्क्टिकाची काडीचीही तयारी होत नाही, हे त्याला नक्की कळत होतं. पण एकदा का माणसाला कुठं जायचंच असलं, की तो कोणाचंही ऐकतो. घरी यायचा तेव्हा स्वेटरला संत्र्यांचा वास असायचा. मुलींना फार आवडायचा तो. मलाही आवडायचा, पण तेव्हा ते कबूल करायची माझी तयारी नव्हती.

आता, नागपूरच्या लेकराला बोलता येण्याआधी काही गोष्टी कळतात. कूलरसमोरून उठून थेट उन्हात जायचं नाही. डोक्याला दुपट्टा बांधल्याशिवाय दुपारी उंबरठा ओलांडायचा नाही. खिशात कांदा ठेवायचा. कोल्ड स्टोरेजमधल्या लोकांचाही तोच नियम: आतून निघालं की बाहेरच्या खोलीत बसायचं, लोकरीचे कपडे उतरवायचे, अंग ताळ्यावर येऊ द्यायचं, मगच उन्हात पाय ठेवायचा. तोही हे सगळं नेमानं पाळत होता.

पण एका दुपारी त्याच्या कार्यालयात दिल्लीची तार आली. तपासणीची तारीख ठरली होती आणि दुसऱ्याच दिवशी निघायला हवं होतं. मामांना कुठूनसं कळलं. ते धापा टाकत कोल्ड स्टोरेजला पोचले आणि दारातूनच ओरडले, “भाच्या, बलावणं आलं गा!” भाचा उठला तो तसाच बाहेर. बाहेरची खोली नाही, दुपट्टा नाही, पाणी नाही. दोन स्वेटर आणि माकडटोपीसकट स्कूटर काढली आणि भर दुपारी लूच्या गरम झळांमध्ये सगळं शहर ओलांडून, मला सांगायला, घरी आला. दार मी उघडलं. “तार आली,” एवढं म्हणाला आणि उंबरठ्यातच बसला. मग आडवा झाला.

अंगाला हात लावला तर चटका बसला. सासूबाईंनी ओल्या चादरी घातल्या, तळपायांना कांद्याचा रस चोळला, कैरीचं पन्हं चमच्याचमच्यानं पाजलं. गल्लीतले डॉक्टर आले, सलाईन लावलं, म्हणाले, “ऊन लागलं. चांगलं चार दिवस पडून राहू द्या.” गल्लीभर बातमी गेली की अंटार्क्टिकावाल्याले ऊन लागलं. लोक चौकशीला यायचे, तोंड पाडून आत जायचे आणि फाटकाबाहेर पडले की हसायचे. मामा ओसरीवर मान खाली घालून बसले होते. सासूबाई मधूनच बाहेर जाऊन त्यांना झापत होत्या, “काहून गा? माह्या पोराले संत्रं समजला का तू?”

दुसऱ्या दिवशी सकाळी ताप उतरला. मी पन्हं घेऊन गेले तेव्हा तो छताकडे बघत होता.

“जाऊ दे,” तो म्हणाला. “आता नाही होत. तुझ्या मनासारखं झालं, तेही बरंच झालं.”

टोमणा नव्हता तो. टोमणा असता तर मी दोन परत दिले असते. तो खरंच बोलत होता, आणि बोलून झाल्यावर त्यानं कूस बदलून भिंतीकडे तोंड केलं.

ते भिंतीकडचं तोंड मी ओळखत होते. माझ्या वडिलांना तरुणपणी बनारसला शिकायला जायची संधी आली होती. आजी रडली, ते राहिले. त्यांनी कधी कोणाला दोष दिला नाही, चांगली नोकरी केली, आम्हा भावंडांना शिकवलं. पण घरात कोणी बनारसचं नाव काढलं, की ते ताटावरून उठून परसात जायचे आणि तास तास तिथं उभे राहायचे. आई त्यांना हाक मारायची नाही. मी लहानपणी मारली, तर त्यांनी ऐकली नाही.

मी ट्रंक काढली आणि कपडे भरायला लागले. सासूबाई दारात आल्या. “राहू दे वं. देवानंच अडवलं त्याले.”

“देवानं नाही, तुमच्या भावानं अडवलं,” मी म्हटलं. सासूबाईंना मी अशी उलटून पहिल्यांदाच बोलले होते. त्यांनी पदर खोचला. मग आत गेल्या आणि प्रवासात लागेल म्हणून दहीभात कालवायला बसल्या. मुली आजीपाशी राहणार होत्या, कारण मी स्वतःच त्याच्यासोबत जायचं ठरवलं होतं.

तो नको नको म्हणत होता. त्याला धरून गाडीत बसवलं. खिडकीतून सगळीकडे आगच येत होती. मी स्टेशनास्टेशनावर उतरून टॉवेल भिजवून आणत होते आणि त्याच्या डोक्यावर थापत होते. थापताना रागही काढत होते, तो भाग वेगळा. समोरच्या बाकावरच्या बाईंनी विचारलं, “कुठं नेऊन राहिल्या?” मी म्हटलं, “दक्षिण ध्रुवावर.” त्यांना वाटलं, उन्हाचा त्रास मलाच झाला आहे.

दिल्लीत तपासणीच्या खोलीबाहेर मी बाकावर बसले होते. आत डॉक्टरांनी त्याचा उतरलेला चेहरा पाहून विचारलं आणि या गृहस्थानं कोल्ड स्टोरेजपासून सगळं खरं सांगून टाकलं. हसण्याचा आवाज बाहेरपर्यंत आला. अशक्तपणा आहे, बाकी सगळं ठीक, असं त्यांचं मत पडलं. मग त्यांनी मला आत बोलावलं. घरच्यांची तयारी नसेल तर माणूस तिथं टिकत नाही, म्हणून ते विचारून घेत होते.

“आपको कोई एतराज?”

तो जमिनीकडे बघत होता. स्टुलावर बसलेला, बनियनवर, दोन दिवसांत गळ्याची हाडं वर आलेली. माझ्या हरकती मला तोंडपाठ होत्या. जहाज, भेगा, मुली, चिठ्ठी. तोंडून एक शब्द निघाला असता तर ते सगळं तिथंच संपलं असतं, आणि त्यानं मला जन्मात बोल लावला नसता.

“एतराज तो बहुत है,” मी म्हटलं. “पर आप भेजिए इनको.”

बाहेर व्हरांड्यात आल्यावर त्यानं शर्टाची बटणं लावली. मग म्हणाला, “तू काहून आली माझ्यासोबत? नसती आली तर मी नागपुरातच राहिलो असतो.”

“गेलेल्या माणसाची वाट पाहता येते हो,” मी म्हटलं. “घरात बसूनच निघून गेलेल्याची कशी पाहू?”

त्यानं माझा हात धरला. भर दिल्लीत, लोकांसमोर. मी सोडवून घेतला नाही.

हिवाळ्यात तो गेला. मी वाट पाहिली. रागारागानं पाहिली, पण पाहिली.